यहूदी लोकांच्या वंशावळी व त्यांची नावे

वाचावयाचे शास्त्रभाग: एज्रा २:५९–६३, मत्तय १:१–१७, लूक १:५७–६३.

मंडळीत शास्त्रवाचन चालू असता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आला म्हणजे पुष्कळ वाचक पहिली सतरा वचने सोडून देतात व अठराव्या वचनापासून वाचू लागतात. पहिल्या इतिहासाचे आरंभीचे नऊ अध्याय तर फारच थोड्यांनी वाचले असतील. नावांची ती लांब ओळ ऐकणाऱ्यास कंटाळवाणी वाटते, आणि तिच्यापासून काय बोध घ्यावा हे उपदेशकासही सुचत नाही. परंतु ज्या लोकांनी ती नावे जपली त्यांना ती प्राणाहून प्रिय होती. ती त्यांनी का जपली, नावे कशी ठेविली, आणि आज यहूदी घराणी आपले पूर्वज कसे शोधून काढितात, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठात करणार आहो. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस ह्या विषयाचे काय प्रयोजन आहे, हे शेवटी दिसून येईल.

१. वंशपत्रे का राखिली

इस्राएल लोकांत वंशपत्र राखण्याची तीन मोठी कारणे होती. पहिले कारण जमीन. कनान देश वंशावंशांस व कुळाकुळांस वाटून दिला होता, आणि कोणी गरिबीमुळे आपले शेत विकले तर पन्नासाव्या वर्षी ते मूळ कुळाकडे परत जावे असा नियम होता (लेवीय २५). वाटणीचा वाद पडला म्हणजे आपल्याकडेही आजा-पणजांची नावे काढावी लागतात; तसेच तेथे होते. दुसरे कारण याजकपण. वेदीची सेवा अहरोनाच्या वंशाकडे व मंदिराची इतर सेवा लेव्यांकडे होती. म्हणून बाप कोण, आजा कोण, हे लिहिलेले असावे लागे. तिसरे कारण वचन. दावीदाच्या घराण्याविषयी परमेश्वराने वचन दिले होते, आणि त्या घराण्याचा धागा तुटू नये अशी लोकांस काळजी होती.

मराठीत जुन्या दप्तरांतून ‘अमका बिन तमका’ असे लिहिण्याची चाल होती, आणि आपल्या शास्त्राच्या भाषांतरातही ‘बिन’ हा शब्द आढळतो. हा शब्द अरबी आहे. इब्री भाषेतील ‘बेन’ हा त्याचा सख्खा भाऊच होय. दोहोंचा अर्थ पुत्र. अरामी भाषेत त्याच अर्थी ‘बार’ म्हणतात. म्हणून बार्तिमय म्हणजे तिमयाचा पुत्र (मार्क १०:४६), आणि शिमोन बार्योना म्हणजे योनाचा पुत्र शिमोन (मत्तय १६:१७). प्राचीन यहूद्यांस आडनाव नव्हते. स्वतःचे नाव व बापाचे नाव एवढ्यावर ओळख पटे, आणि कधी गावाचे नाव जोडीत.

इ. स. पूर्वी ५३८ च्या सुमारास बाबेलच्या बंदिवासातून यहूदी लोक परत येऊ लागले, तेव्हा वंशपत्राची कसोटी लागली. परत आलेल्यांची संख्या ४२,३६० अशी दिली आहे. त्यांपैकी ६५२ माणसांना आपण इस्राएलाच्या वंशातले आहो की नाही हे दाखविता आले नाही. याजकांपैकी हबाया, हक्कोस व बर्जिल्लय ह्या तीन घराण्यांनी आपले वंशपत्र शोधले, पण ते सापडले नाही. म्हणून त्यांस याजकपणातून दूर ठेविले. ह्यांतील बर्जिल्लय घराण्याची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या मूळ पुरुषाने बर्जिल्लय गिलादी ह्याच्या मुलीशी लग्न केले व सासऱ्याचे नाव आपल्या घराण्यास लाविले. नाव पालटल्याने पुढच्या पिढ्यांस शोध लावणे किती कठीण जाते, ह्याचा हा फार जुना दाखला आहे.

तथापि ती बंदी कायमची म्हणून घातली नव्हती. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उठेपर्यंत थांबावे, असे अधिपतीने सांगितले. पुढे मरेमोथ बिन उरीया हा याजक मंदिराचे सोने-रुपे तोलून घेताना दिसतो (एज्रा ८:३३), आणि नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात हाच मरेमोथ हक्कोसाच्या घराण्यातला म्हटला आहे. ह्यावरून त्या घराण्याचा हक्क पुढे मान्य झाला असावा, असे अनेक पंडितांचे मत आहे.

प्रभूच्या काळीही हे लेख राखिले जात. हन्ना संदेष्ट्री आशेर वंशातील होती (लूक २:३६), आणि पौल बन्यामिनाच्या वंशातला होता (फिलिप्पै ३:५). योसेफस नावाचा यहूदी इतिहासकार आपली वंशावळ सार्वजनिक दप्तरातून घेतली असे लिहितो. मिसर व बाबेल येथे राहणारे याजकही लग्न करिताना नावे यरुशलेमास कळवीत, असेही तो सांगतो. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेम व मंदिर यांचा नाश केला, आणि सर्व राष्ट्रासाठी एका ठिकाणी वंशपत्रे राखण्याची व्यवस्था संपली. त्यानंतर प्रत्येक घराण्याने आपली स्मृती आपणच वाहिली.

२. नावांत काय साठविले आहे

इब्री नाव बहुधा अर्थाचे असते, आणि पुष्कळ नावे म्हणजे लहानसा विश्वासाचा उच्चार किंवा प्रार्थनाच होय. ज्या नावात ‘एल’ आहे त्यात देव हा शब्द आहे, आणि ज्याच्या शेवटी ‘या’ आहे त्यात बहुधा परमेश्वराच्या नावाचा अंश आहे. यहेज्केल म्हणजे देव बळ देतो. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. एलीया म्हणजे परमेश्वर माझा देव. योहान म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. येशू हे यहोशवा ह्या नावाचे पुढचे रूप असून परमेश्वर तारण करितो असा त्याचा अर्थ आहे. तो देवदूताने योसेफास उलगडून सांगितला (मत्तय १:२१). काही नावांत जन्माची हकीकत असते. सारा हसली म्हणून इसहाक, आणि धाकट्याने थोरल्याची टाच धरिली म्हणून याकोब.

मुलास कोणाचे नाव द्यावे ह्याचीही रीत होती. जखऱ्याच्या मुलास शेजारी व सोयरे बापाचेच नाव देत होते. आईने योहान हे नाव सांगितले तेव्हा, तुझ्या नातलगांत ह्या नावाचा कोणी नाही, अशी त्यांनी हरकत घेतली. ह्यावरून घराण्यातील नाव पुन्हा ठेवण्याची चाल तेव्हाही पक्की होती असे दिसते. पुढे ह्या चालीचे दोन प्रवाह झाले. जर्मनी, पोलंड वगैरे देशांतील यहूदी मुलास मृत नातलगाचे नाव देतात, जिवंताचे देत नाहीत. स्पेनहून निघालेले व पूर्वेकडील पुष्कळ यहूदी जिवंत आजोबांचे नावही आनंदाने देतात. ही चाल ठाऊक असली म्हणजे वंश शोधणाऱ्यास मोठी मदत होते; कारण एका नातवाचे नाव पाहून आजोबा केव्हा वारले ह्याचा काही अंदाज करिता येतो.

परक्या देशात राहणाऱ्या यहूद्यांस दोन नावे असत. दानीएलास बाबेलात बेल्टशस्सर म्हणत, हदस्सेस एस्तेर म्हणत, आणि शौलास रोमी जगात पौल म्हणत. घरात एक नाव व बाजारात दुसरे, ही रीत आजवर चालू आहे.

३. आडनावे कोठून आली

याजक व लेवी यांच्या वंशजांनी आपली ओळख मंदिराच्या नाशानंतरही टाकिली नाही. कोहेन ह्या शब्दाचा अर्थच याजक असा आहे. सभास्थानात शास्त्र वाचावयास प्रथम कोहेनास बोलावितात व त्याच्यामागून लेव्यास. कोहेनाच्या कबरीवर आशीर्वाद देणारे दोन हात कोरितात, आणि लेव्याच्या कबरीवर पाण्याची सुरई; कारण लेवी याजकाच्या हातांवर पाणी घालितो.

बाकीच्या यूरोपातील बहुतेक यहूद्यांस कायमची आडनावे मागाहून व सरकारी हुकुमाने मिळाली. ऑस्ट्रियाचा बादशाह दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये, फ्रान्सच्या नेपोलियनने १८०८ मध्ये, व प्रशियाच्या सरकारने १८१२ मध्ये असे हुकूम काढिले. कर, सैन्यभरती व मोजदाद सोपी व्हावी हा त्यांचा एक मोठा हेतू होता. कोणी गावाचे नाव घेतले, जसे बर्लिनर. कोणी धंद्याचे, जसे श्नायडर, म्हणजे शिंपी. रॉथशिल्ड ह्या प्रसिद्ध घराण्याचे नाव फ्रँकफुर्ट येथील त्यांच्या पूर्वजांच्या घरावर असलेल्या तांबड्या ढालीच्या खुणेवरून पडले. ह्यास्तव यूरोपातील यहूद्याचे आडनाव पाहून दोनशे वर्षांपलीकडचे घराणे कळेलच असे नाही.

४. कोकणातील बेने इस्राएल

ह्या गोष्टीचा एक भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे. कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड, जिल्ह्यात बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज तारू फुटून चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच वाचली, आणि शास्त्राची पुस्तके समुद्रात गेली. ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. पुस्तके नव्हती, वंशपत्र नव्हते. तरी शब्बाथ, सुंता, काही सण, आणि परमेश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडिली नाही.

त्यांची नावे पाहावी. शमुवेलाचे सामाजी झाले, अब्राहामाचे आबाजी, बन्यामिनाचे बुनाजी. यहेज्केल हे नाव बोलण्यात हस्केल होई, त्याचे हसाजी झाले. वर कोकणी पागोटे, आत इब्री शिर! आडनावे मात्र गावांवरून आली: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर. अशी ‘कर’ शेवटी असलेली शंभराहून अधिक आडनावे त्या समाजात आहेत. ह्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीतील अंमलदार होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, आणि सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्या समाजाचे पहिले सभास्थान बांधिले. त्यांचे नाव इब्री रीतीने उलगडले तर शमुवेल बिन यहेज्केल असे होते. एका नावात कनान देश व कोकण दोन्ही सापडतात.

मिशनाच्या कार्याचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनाच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकली, आणि मराठीत छापलेला जुना करार हाती आल्यावर त्यांस आपल्या पूर्वजांच्या कथा मायबोलीत वाचावयास मिळाल्या. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी १८३२ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. त्या समाजातील हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या लोकांचा मोठा इतिहास लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापून निघाला.

१९४८ नंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशास गेली. तेथे त्यांच्यापुढे एज्राच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग पुन्हा उभा राहिला. बेने इस्राएलांचे इतर यहूद्यांशी लग्न लागण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा नियम तेथील मुख्य रब्बींच्या मंडळाने १९६२ मध्ये काढिला. ज्यांनी वंशपत्रावाचून शब्बाथ पाळिला, त्यांच्याकडे आता वंशपत्र मागितले गेले. त्यांनी निकराने विरोध केला, आणि १९६४ मध्ये यरुशलेमात धरणे धरिले. तेथील लोकसभेने त्यांची बाजू घेतली, व त्याच वर्षी नियमातून त्यांचा वेगळा उल्लेख काढून टाकण्यात आला. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तपरंपरेच्या शास्त्रीय अभ्यासात त्यांच्यात यहूदी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा अंश आढळून आला. परंतु त्यांचा न्याय त्यापूर्वीच झाला होता, आणि तो त्यांनी राखिलेल्या विश्वासाच्या बळावर मागितला होता, हे विसरू नये.

५. शोधाची रीत

यहूदी घराण्याचा शोध करणारे लोक काही साधे नियम पाळितात. ज्ञात गोष्टीपासून अज्ञाताकडे जावे; म्हणजे प्रथम घरातील वृद्धांस विचारावे, मग मागे जावे. नुसत्या आडनावावर विसंबू नये. श्नायडर हे नाव ख्रिस्ती जर्मनाचेही असते, आणि ‘कर’ शेवटी असलेले नाव तर महाराष्ट्रात सर्व जातींत आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव व गाव ही तिन्ही जुळली म्हणजे पुरावा बळकट होतो. लग्नाचा करारनामा, सभास्थानाचे दप्तर, खानेसुमारी व कबरीवरील लेख ही मुख्य साधने होत. यहूदी कबरीवर मृताच्या नावाबरोबर बापाचे नाव बहुधा कोरलेले असते. म्हणून एक दगड वाचला की दोन पिढ्या हाती लागतात. लिहिण्यात नाव पालटते हेही ध्यानात ठेवावे. सामाजी व शमुवेल हे दोन पुरुष नव्हत.

६. दप्तराचा दुष्ट उपयोग

जे साधन प्रीतीचे, तेच द्वेषाच्या हाती शस्त्र होऊ शकते. जर्मनीतील नात्झी सरकारने १९३५ मध्ये असे कायदे केले की, आजे-आज्या चौघांपैकी तीन किंवा चार यहूदी असतील त्यास यहूदी मानावे. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला असला तरी तो जमेस धरू नये. मग कोणाचे पूर्वज कोण हे सिद्ध करण्यासाठी ख्रिस्ती मंडळ्यांची बाप्तिस्म्याची व लग्नाची दप्तरे उघडण्यात आली, आणि पाळकांकडून उतारे मागविण्यात आले. १९३८ मध्ये हुकूम निघाला की, सरकारने ठरविलेल्या यादीतील नाव नसेल त्या प्रत्येक यहूदी पुरुषाने आपल्या नावास इस्राएल व स्त्रीने सारा हे नाव जोडावे. जी नावे आशीर्वादाची, तीच अपमानाची खूण म्हणून लादिली. पुढे सुमारे साठ लाख यहूदी मारिले गेले. पुष्कळांचे सबंध घराणेच नष्ट झाल्याने नाव सांगणाराही उरला नाही.

१९५३ मध्ये यरुशलेमात त्यांचे स्मारक स्थापन झाले. त्याचे याद वाशेम हे नाव यशया ५६:५ वरून घेतले आहे. पुत्र व कन्या यांहून उत्तम असे टिकणारे नाव देण्याचे वचन तेथे परमेश्वराने दिले आहे. वाचलेल्या नातलगांनी व शेजाऱ्यांनी एकेका मृतासाठी एकेक पान भरून दिले: नाव, आईबापांची नावे, गाव. अशा रीतीने व इतर दप्तरांवरून सुमारे पन्नास लाख नावे गोळा झाली आहेत. मारणाऱ्यांनी दप्तर उघडले ते माणूस पुसून टाकण्यासाठी. ह्यांनी उघडले ते त्यास नावाने हाक मारण्यासाठी.

७. प्रभूची वंशावळ

आता मत्तयाच्या पहिल्या अध्यायाकडे वळू. त्याने चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट केले आहेत. इब्री अक्षरांस अंकांची किंमत असते, आणि दावीद ह्या नावाच्या अक्षरांची बेरीज चौदा होते. गट जुळविताना योराम व उज्जीया यांच्यामधील तीन राजे त्याने गाळिले आहेत. कारण यहूदी रीतीने नातवास किंवा पणतवासही पुत्र म्हणता येते. परंतु जी नावे यहूदी वंशावळीत बहुधा घालीत नाहीत, ती त्याने मुद्दाम घातली. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको, ह्या चार स्त्रिया त्यात आहेत. राहाब कनानी, रूथ मवाबी; आणि मवाब्यास मंडळीत घेऊ नये असे नियमशास्त्रात लिहिले होते (अनुवाद २३:३). तिचाच पणतू दावीद राजा झाला. ज्या वंशपत्राने एज्राच्या काळी दार लाविले, तशाच वंशपत्रात मत्तयाने परक्या स्त्रियांसाठी दार उघडे असलेले दाखविले. लूक तर ती ओळ आदामापर्यंत नेतो. मग बाहेर राहिला कोण?

८. आपणांस बोध

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस, तुमचे कूळ कोणते, असे हिणवून विचारण्यात आले आहे. उच्च म्हणविणाऱ्यांच्या वंशावळी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. आपल्या पूर्वजांची नावे दप्तरात आली तीही कधी अर्धवट, कधी तुच्छतेच्या रूपाने. धोंड्या, कचऱ्या म्हणून ज्यांस हाक मारिली, तीही देवाने घडविलेली माणसे होती. त्यांची नावे विसरून जाणे हा विश्वास नव्हे. उलट, पौलाप्रमाणे वंशाचा अभिमान हानी असे समजावे (फिलिप्पै ३:७), आणि तरीही आईबापांचे नाव मानाने सांगावे. ख्रिस्ती झाल्यावर नाव पालटलेच पाहिजे असेही नाही. फिबी, अपुल्लो व एपफ्रदीत ही नावे मूळची ग्रीक देवतांशी संबंधित असूनही त्या भावाबहिणींनी ती ठेविली. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आपले नाव टाकिले नाही. शास्त्रातील नाव ठेवावयाचे तर त्याचा अर्थ मुलास समजावून द्यावा.

उपदेशकांस आमची विनंती आहे की, बाप्तिस्मा, लग्न व मृत्यू यांची वही काळजीने लिहावी. प्रत्येकाचे पूर्ण नाव, बापाचे नाव, आईचेही नाव व माहेरचे गाव, आणि तारीख, एवढे तरी असावे. ‘बायको’ किंवा ‘म्हातारी’ असे न लिहिता तिला नाव विचारावे. नाव पालटले असेल तर जुने व नवे दोन्ही लिहावे. मंडळीतील वृद्धांजवळ बसून आजा-पणजांची नावे ह्याच वर्षी लिहून घ्यावी. त्यांच्याबरोबर जे मातीत जाईल ते पुन्हा मिळणार नाही. आणि ती वही कोणास भोजनाच्या पंगतीतून उठविण्यासाठी, सोयरीक मोडण्यासाठी किंवा जात काढण्यासाठी कधीही उघडू नये.

चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो (योहान १०:३). ज्याच्या हाती मंडळीची वही आहे त्याने हे वचन तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. इस्राएल लोकांनी वंशपत्रे राखण्याची तीन कारणे कोणती?
२. बर्जिल्लय घराण्याचे नाव कसे पालटले, व त्याचा काय परिणाम झाला?
३. बेने इस्राएलांजवळ वंशपत्र नव्हते. मग त्यांची ओळख कशाने टिकली?
४. मत्तयाने कोणत्या चार स्त्रियांचा उल्लेख केला, व त्यावरून देवाच्या कृपेविषयी काय कळते?
५. तुमच्या आजीच्या आईचे नाव काय? ठाऊक नसल्यास घरी विचारून पुढच्या रविवारी सांगावे.